तिरप्या किरणांचा प्रश्न



आजच्या व्याख्यानाचा विषय एका अगदी लहान अंतराशी निगडित आहे. कॅमेऱ्याचे भिंग आणि त्याच्यामागे प्रतिमा झेलणारा पृष्ठभाग यांच्या दरम्यानचे हे अंतर. जर्मनीतील लायका कंपनीने १९५४ साली आपला एम-३ हा कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा भिंग ज्या धातूच्या कड्यावर बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर २७.८ मिलिमीटर ठरविण्यात आले. या आकड्याला आपण सोयीसाठी बैठक-अंतर म्हणू. त्यानंतर जवळजवळ अर्धशतकभर या आकड्याची चर्चा कारखान्यातील कारागीर आणि दुरुस्ती करणारे यांच्यापलीकडे फारशी कधी झाली नाही. फिल्म होती तोवर चर्चेचे कारणही नव्हते. पुढे फिल्मच्या जागी सिलिकॉनचा संवेदक आला, आणि ज्या भिंगांनी दोन पिढ्यांच्या छायाचित्रकारांना कीर्ती मिळवून दिली त्यांपैकी काही उत्तमोत्तम भिंगे या नव्या पृष्ठभागापुढे अपात्र ठरतात की काय, असा प्रश्न उभा राहिला. भिंगांत दोष नव्हता आणि संवेदकातही नव्हता. अडचण होती ती या दोहोंमधून जाणाऱ्या प्रकाशाच्या तिरपेपणाची.

हा तिरपेपणा समजण्यासाठी एखाद्या जुन्या खोल विहिरीत डोकावून पाहावे. सकाळी आठ वाजता विहिरीच्या काठावर लख्ख ऊन असते, आतल्या भिंतीच्या वरच्या हातभर भागावरही ते पडलेले दिसते. पण तळाचे पाणी काळेभोरच राहते. सूर्य माथ्यावर येईल तेव्हाच पाण्यात ऊन उतरते. शेजारचे अंगण मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात असते. अंगणात ऊन कोणत्या दिशेने येते याला फारसे महत्त्व नाही, विहिरीत ते सर्वस्वी महत्त्वाचे आहे. फिल्म हे अंगण होय. जिलेटिनच्या अत्यंत पातळ थरात चांदीच्या क्षारांचे कण विखुरलेले असतात आणि किरण सरळ येवो वा तिरपा, कणावर पडला की आपले काम करतो. संवेदक म्हणजे लक्षावधी विहिरींचे शेत. त्यातील प्रत्येक पिक्सेल ही एक सूक्ष्म विहीर आहे. तिच्या तळाशी प्रकाशाचे विद्युत्भारात रूपांतर करणारा सिलिकॉनचा तुकडा असतो. त्याच्या वर धातूच्या तारांचे थर, त्याच्यावर लाल, हिरवा किंवा निळा रंगगाळक आणि सर्वांत वर प्रकाश गोळा करून तळाकडे वळविणारे एक चिमुकले भिंग. पुढे ज्या कॅमेऱ्याची हकिगत यावयाची आहे, त्याच्या संवेदकातील अशा एका विहिरीची रुंदी ६.८ मायक्रॉन होती. माणसाचा केस याच्या दहापट तरी जाड असतो.

अशा विहिरीवर किरण फार तिरपा आला तर दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे तो तळाशी न पोहोचता भिंतीवर, म्हणजे धातूच्या तारांवर आदळतो आणि वाया जातो. त्यामुळे चित्राचे कोपरे काळवंडतात. दुसरी अधिक त्रासदायक. एका विहिरीच्या रंगगाळकातून शिरलेला किरण तिरपा जाऊन शेजारच्या विहिरीत पडतो. शेजारची विहीर निराळ्या रंगाची असते. हिरव्या गाळकातून आलेला प्रकाश लाल विहिरीच्या हिशेबात जमा होतो आणि चित्राच्या कडेला अशी रंगछटा उमटते की जी मूळ दृश्यात नव्हतीच. काळवंडलेला कोपरा उजळविता येतो. पण पांढऱ्या भिंतीची एक कड गुलाबी आणि दुसरी हिरवट झाली तर पाहणाऱ्याचा चित्रावरचा विश्वासच उडतो.

आता किरण किती तिरपा येतो हे कशावर ठरते? सामान्यतः उत्तर दिले जाते की बैठक-अंतरावर. हे उत्तर अर्धवट आहे, आणि या विषयावरील पुष्कळसा गोंधळ त्यातूनच निर्माण झालेला आहे. भिंग कॅमेऱ्यावरून काढून हातात घ्यावे आणि मागच्या बाजूने त्यात पाहावे. आत पात्यांचे छिद्र दिसते. ते प्रत्यक्षात जेथे आहे तेथेच दिसेल असे नाही. मागच्या काचांमुळे त्याची प्रतिमा पुढे किंवा मागे सरकलेली, लहान किंवा मोठी झालेली दिसते. संवेदकाच्या दृष्टीने सारा प्रकाश या दिसणाऱ्या छिद्रातूनच येतो. त्याला निर्गमद्वार म्हणू. किरणांचा कोन ठरतो तो या निर्गमद्वाराच्या अंतरावरून. बैठकीचे कडे कोठे आहे आणि शेवटची काच कोठे संपते, यांचा संबंध केवळ अप्रत्यक्ष आहे.

थोडे गणित मांडून पाहणे इष्ट होईल. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीत मध्यबिंदूपासून कोपरा सुमारे २१.६ मिलिमीटरवर असतो. निर्गमद्वार संवेदकापासून १०० मिलिमीटरवर असेल तर कोपऱ्यावर येणारा मुख्य किरण लंबाशी सुमारे १२ अंशांचा कोन करतो. ते ५० मिलिमीटरवर आले तर हा कोन २३ अंशांवर जातो, आणि २१ मिलिमीटरवर आले तर जवळजवळ ४६ अंशांवर. प्रकाशाच्या तीव्रतेचा एक जुना नियम आहे: निर्गमद्वार तेवढेच राहिले तर कोपऱ्यावरील उजेड या कोनाच्या कोज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटतो. त्या हिशेबाने पहिल्या उदाहरणात कोपऱ्याला मध्याच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश मिळतो, दुसऱ्यात सत्तर टक्के, आणि तिसऱ्यात पावहिश्श्याहूनही थोडा कमी. ही घट भूमितीची आहे. ती फिल्मवरही होत असे आणि छायाचित्रकार ती जाणून होते. विहिरीमुळे होणारे नुकसान याच्या वर आणखी वेगळे सोसावे लागते.

निर्गमद्वार २१ मिलिमीटरवर आणणारे भिंग कोण करील, असे येथे कोणी विचारील. ते केले गेले, आणि अत्यंत बुद्धिपुरस्सर केले गेले. भिंगरचनेत एक सुंदर तत्त्व आहे: पात्यांच्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना काचांची मांडणी जवळजवळ सारखी ठेवली तर पुढच्या भागाने निर्माण केलेले काही दोष मागचा भाग आपोआप पुसून टाकतो. सरळ रेषा सरळ राहतात, कडेची रंगीत झालर नाहीशी होते. अशा सममित भिंगात निर्गमद्वार फिल्मपासून जवळजवळ केंद्रांतराइतक्याच अंतरावर असते. म्हणजे २१ मिलिमीटर केंद्रांतराच्या विशालकोनी भिंगात ते २१ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि भिंगाची शेवटची काच कॅमेऱ्याच्या पोटात शिरून झडपेच्या अगदी निकट जाऊन बसते. लुडविग बेर्टेले यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी झाइस कंपनीसाठी रचलेले बायोगॉन हे या कुळातील अग्रगण्य भिंग. सोव्हिएत संघात मिखाइल रुसिनोव यांनी विमानातून भूमापन करण्यासाठी याच धर्तीची भिंगे त्याआधी रचली होती. कडेकडे जाताना छिद्राचा आकार मोठा भासावा, आणि कोपऱ्यातील काळोख भूमितीच्या हिशेबापेक्षा थोडा कमी व्हावा, अशी युक्ती त्यांनी शोधून काढली होती. लायकासाठी श्नायडर कंपनीने केलेले २१ मिलिमीटरचे सुपर-अँग्युलॉन हेही याच वंशातले. इमारतींचे छायाचित्रण करणाऱ्यांना ही भिंगे प्राणप्रिय वाटत. खांब सरळ तो सरळच राहत असे.

ज्या कॅमेऱ्यात भिंगामागे आरसा असतो त्यात मात्र या भिंगांना जागाच नव्हती. आरशाच्या कॅमेऱ्यात छायाचित्रकार प्रत्यक्ष भिंगातूनच दृश्य पाहतो, आणि त्यासाठी भिंग व फिल्म यांच्यामध्ये ४५ अंशांत कललेला आरसा वरखाली होत असतो. त्याला हलायला मोकळी जागा लागते. म्हणून १९५९ च्या निकॉन एफ या कॅमेऱ्याचे बैठक-अंतर ४६.५ मिलिमीटर झाले, आणि १९८७ मध्ये कॅनन कंपनीने ईओएस मालिकेसाठी ते ४४ मिलिमीटर ठरविले. आता ४६.५ मिलिमीटर जागेच्या पलीकडे उभे राहून २१ मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग कसे चालावयाचे? निकॉनने आरंभी सरळ हार मानली. तिच्या पहिल्या २१ मिलिमीटर भिंगासाठी आरसा वर बांधून ठेवावा लागे आणि दृश्य पाहण्यासाठी कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळा दर्शक बसवावा लागे. आरशाचा कॅमेरा विकत घ्यावा आणि आरसाच निकामी करून वापरावा, असा हा प्रकार होता. स्वीडनच्या हॅसलब्लाडने तर १९५४ मध्ये बायोगॉनसाठी आरसा नसलेला स्वतंत्र कॅमेराच तयार केला.

खरा उपाय पॅरिसमध्ये निघाला. पियेर आंजेनिय यांनी १९५० मध्ये ३५ मिलिमीटरचे रेट्रोफोकस या नावाचे भिंग विक्रीस आणले. दूरदर्शी भिंगाची रचना त्यात उलटी केलेली होती. पुढे किरण फाकविणारा अंतर्गोल गट आणि बरेच मागे त्यांना एकत्र आणणारा बहिर्गोल गट, अशी त्याची मांडणी. परिणामी शेवटची काच फिल्मपासून केंद्रांतरापेक्षाही दूर राहू शकते. ही कल्पना अगदी नवी नव्हती. १९३०च्या दशकात टेक्निकलरच्या तीन पट्ट्यांच्या चित्रपट-कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये लोलक बसवावा लागे, आणि तेथेही अशाच उलट्या रचनेची गरज पडली होती. परंतु छायाचित्रकारांच्या जगात ती रूढ झाली ती आंजेनिय यांच्यापासून, आणि त्यांनी दिलेले व्यापारी नाव पुढे त्या जातीच्या सर्वच भिंगांना चिकटले. ही भिंगे मोठी, जड आणि महाग होती. कडेच्या रेषा त्यांत फुगत. सममित भिंगांचे चाहते त्यांच्याकडे काहीशा तुच्छतेनेच पाहत असत.

पण आरशासाठी मागे सरकलेल्या या भिंगांत निर्गमद्वारही मागे सरकले, म्हणजे फिल्मपासून दूर गेले, आणि किरण अधिक सरळ येऊ लागले. हे कोणी मुद्दाम केले नव्हते. आरशाच्या अडचणीतून उपजलेला तो एक अनपेक्षित लाभ होता, आणि तो कोणाच्या लक्षात येण्यास पुढची चाळीस वर्षे जावी लागली. कोडॅकने १९९१ मध्ये निकॉन एफ-३ च्या पाठीवर संवेदक बसवून व्यावसायिकांसाठी पहिला डिजिटल कॅमेरा विक्रीस काढला, निकॉनने १९९९ मध्ये स्वतःचा डी-१ आणला, तेव्हा आरशाची भिंगे या नव्या पृष्ठभागावर फारशी तक्रार न करता चालली. त्या संवेदकांचा आकारही लहान होता. भिंगाने टाकलेल्या प्रतिमेचा मधला भागच ते घेत आणि कोपऱ्यांचा प्रश्न परस्पर टळत असे. ऑलिंपस व कोडॅक यांनी पुरस्कारिलेल्या आणि २००३ मध्ये ई-१ कॅमेऱ्यात अवतरलेल्या फोर थर्ड्स पद्धतीत तर संवेदक मुद्दाम लहान, १७.३ बाय १३ मिलिमीटरचा, आणि बैठक-अंतर त्या मानाने प्रशस्त, ३८.६७ मिलिमीटर ठेवण्यात आले. किरण शक्यतो सरळ यावेत हे त्या पद्धतीचे जाहीर सूत्र होते. ज्यांच्यापाशी जुन्या भिंगांचा वारसा जपण्याची सक्ती नव्हती, त्यांना असे कोऱ्या पाटीवर लिहिणे शक्य होते.

लायकाला ती मोकळीक नव्हती. १९५४ पासूनचे प्रत्येक एम भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसले पाहिजे, हीच तिची प्रतिज्ञा आणि हेच तिच्या ग्राहकांच्या निष्ठेचे कारण. २७.८ मिलिमीटरच्या बैठकीवर संवेदक बसविणे कितपत साधेल याविषयी जाणकार साशंक होते. २००४ मध्ये जपानच्या एप्सन कंपनीने आर-डी १ हा कॅमेरा काढून हे अशक्य नसल्याचे दाखविले. तथापि त्यातील संवेदक लहान होता आणि विशालकोनी भिंगांच्या कडा त्यात काळवंडतच. लायकाचा एम-८ सप्टेंबर २००६ मध्ये आला. त्यातील कोडॅकचा संवेदक २७ बाय १८ मिलिमीटरचा होता. पूर्ण चौकट झेलण्याचे धाडस अद्याप नव्हते. पण जे केले होते ते विचारपूर्वक केलेले होते.

त्यातील मुख्य युक्ती अशी. संवेदकाच्या मध्यभागी प्रत्येक सूक्ष्मभिंग आपल्या विहिरीच्या बरोबर डोक्यावर होते. मध्यापासून कडेकडे जावे तसतशी ही सूक्ष्मभिंगे थोडी थोडी मध्याच्या दिशेने सरकवलेली होती. तिरपा किरण बाहेरच्या अंगाला कलून उतरतो. त्याला वाटेत आधीच गाठले म्हणजे तो उतरत उतरत नेमका विहिरीच्या तळाशी पोहोचतो. पावसाच्या सरी वाऱ्याने तिरप्या येऊ लागल्या की घागरीवरचे नरसाळे वाऱ्याकडे सरकवावे, तशातला हा प्रकार. यात एक मर्यादा दडलेली आहे आणि ती ध्यानी घेणे अवश्य आहे. नरसाळे किती सरकवावे हे एका ठरावीक कोनासाठीच ठरविता येते. एम कॅमेऱ्यावर तर २१ मिलिमीटरचे भिंग बसते आणि १३५ मिलिमीटरचेही. एकाचे किरण अतिशय तिरपे, दुसऱ्याचे जवळजवळ सरळ. तेव्हा मधला कोठलातरी कोन पत्करून दोन्ही टोकांना थोडे थोडे नाराज करणे, एवढेच रचनाकाराच्या हाती उरते.

दुसरा निर्णय काचेविषयीचा होता, आणि तोच अंगाशी आला. सिलिकॉनला अवरक्त प्रकाश दिसतो. माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येक संवेदकापुढे अवरक्त प्रकाश अडविणारी काच लावतात. ही काच सरळ किरणांना निरुपद्रवी असते, तिरप्यांना नसते. वक्रीभवनाच्या नियमाने हिशेब केला तर १.५२ वक्रीभवनांकाची २ मिलिमीटर जाडीची काच सरळ येणाऱ्या किरणांचा संधिबिंदू सुमारे ०.६८ मिलिमीटर मागे ढकलते. ४५ अंशांत येणाऱ्या किरणाचा मात्र ०.९५ मिलिमीटर. मध्य आणि कोपरा यांच्या रेखीवपणात यामुळे पाव मिलिमीटरहून अधिक तफावत पडते, आणि छिद्र पूर्ण उघडे असताना एवढी तफावत कोपरे धूसर करण्यास पुरेशी आहे. जुनी भिंगे रचणाऱ्यांनी मागे अशी काच असेल हे गृहीतच धरले नव्हते. शिवाय तिरपा किरण काचेतून अधिक लांबचा प्रवास करतो, तेवढा त्यातील लाल भाग अधिक शोषला जातो आणि कोपरे निळसर-हिरवे होतात. म्हणून लायकाने ही काच अवघी अर्धा मिलिमीटर जाडीची ठेवली. कोपरे सावरले; पण इतकी पातळ काच अवरक्त प्रकाश पुरता अडवू शकली नाही. विक्री सुरू होताच ग्राहकांना आढळले की कृत्रिम धाग्याचे काळे कापड चित्रात जांभळट येते. आपल्या डोळ्यांना जे काळे वाटते ते कापड अवरक्त प्रकाश मुबलक परावर्तित करीत असते, आणि तो आता चित्रात उतरू लागला होता.

इलाज म्हणून कंपनीने प्रत्येक खरेदीदाराला भिंगाच्या पुढे लावण्याचे दोन गाळक विनामूल्य दिले. हे गाळक अत्यंत पातळ थरांतील परावर्तनाच्या तत्त्वावर चालतात, आणि तेही कोनावर अवलंबून असतात. विशालकोनी भिंगात दृश्याच्या कडेचे किरण पुढच्या बाजूनेही तिरपे शिरतात. तिरपेपणी या गाळकाची मर्यादा अवरक्ताकडून दृश्य लाल रंगाकडे सरकते आणि कोपऱ्यांतला लाल रंग कापला जातो. मागच्या दाराने घालविलेला तिरपेपणा पुढच्या दाराने घरात आला, असेच म्हणावयाचे. येथे भिंगाच्या बैठकीच्या कड्यावर कोरलेली काळ्या-पांढऱ्या सहा ठिपक्यांची खूण उपयोगी पडली. ती वाचून कोणते भिंग बसविले आहे हे कॅमेरा ओळखतो आणि त्या भिंगाच्या कोपऱ्यांतील रंग व उजेड गणिताने दुरुस्त करतो. जुन्या भिंगांवरही ही खूण कारखान्याकडून कोरून घेण्याची सोय होती. या सगळ्या प्रकरणाची त्या काळी थट्टाही पुष्कळ झाली. पण तटस्थपणे पाहिल्यास तो मूर्खपणा नव्हता. कोपऱ्यांची तीक्ष्णता आणि काळ्या कापडाचा रंग यांपैकी एकाची निवड करणे भाग होते. कापडाचा दोष गाळकाने भरून निघतो, धूसर कोपरा कशानेच भरून निघत नाही. चूक असेलच तर ती एवढीच की ग्राहकाला हे आधी सांगितले गेले नाही.

एम-९ हा सप्टेंबर २००९ मध्ये आला आणि त्यात ३६ बाय २४ मिलिमीटरची पूर्ण चौकट होती. काच ०.८ मिलिमीटरची आणि अधिक शोषक जातीची होती, त्यामुळे पुढच्या गाळकाची गरज उरली नाही. कोन मात्र अधिकच तीव्र झाले होते. काही विशालकोनी भिंगांनी घेतलेल्या चित्रात एक कड तांबूस आणि दुसरी हिरवट येई; इटलीच्या ध्वजावरून छायाचित्रकारांनी या दोषाला नावही ठेवले. दोन्ही कडा सारख्याच बिघडल्या नाहीत याचे कारण संवेदकाची अंतर्गत मांडणी डावी-उजवी सममित नसते. लायकाने कॅमेऱ्यातील आज्ञावली सुधारून हा दोष बराच आटोक्यात आणला. पुढे काही वर्षांनी या काचेला गंज चढण्याच्या तक्रारी आल्या. २०१४ मध्ये कंपनीने त्या मान्य केल्या आणि संवेदक बदलून दिले. तिरप्या किरणांसाठी निवडलेल्या काचेची ही आणखी एक किंमत होती.

विहीर उथळ करणे हा या सर्वांवरचा मूलगामी उपाय, आणि तो संवेदक घडविणाऱ्यांकडून आला. सिलिकॉनच्या वर असलेले तारांचे थर चकती उलटी करून खाली नेले, म्हणजे प्रकाशाच्या वाटेत तारा राहतच नाहीत. रंगगाळक व सूक्ष्मभिंग थेट सिलिकॉनवर येऊन टेकतात. सोनी कंपनीने आधी लहान संवेदकांत आणि २०१५ मध्ये ए-७ आर या कॅमेऱ्याच्या दुसऱ्या आवृत्तीत पूर्ण चौकटीसाठी ही पद्धत आणली. लायकाच्या २०२२ मधील एम-११ मध्येही अशाच उलट्या चकतीचा संवेदक आहे. विहिरीचे जवळजवळ अंगण झाले. त्यावरची काच मात्र तशीच राहिली. म्हणून सोनीच्या कॅमेऱ्यावर जुने सममित भिंग बसविणाऱ्याला रंगाचा त्रास आता पूर्वीइतका होत नाही, पण कोपरे धूसर दिसतातच.

आरशाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. २००८ पासून आरसा नसलेले, भिंग बदलता येणारे कॅमेरे आले आणि बैठक-अंतरे झपाट्याने आखूड झाली. सोनीने २०१० मध्ये १८ मिलिमीटर ठरविले. २०१८ मध्ये कॅननने २० आणि निकॉनने १६. लायकाच्या २७.८ मिलिमीटरने एवढा घोळ घातला, तर १६ मिलिमीटरने काय अनर्थ होईल? काहीच झाला नाही. कारण मघाच्या विवेचनात आलेच आहे. बैठक जवळ असणे म्हणजे निर्गमद्वार जवळ असणे नव्हे. आखूड अंतर ही मुभा आहे, सक्ती नाही. निकॉनने बैठकीचे तोंड ५५ मिलिमीटर रुंद ठेवले. त्यामुळे संवेदकाच्या अगदी समीप मोठ्या व्यासाची शेवटची काच बसविता येते. ती किरणांना शेवटच्या क्षणी सरळ करते आणि संवेदकाच्या दृष्टीने छिद्र दूर गेल्यासारखे दिसते. आरशाने जे नकळत साधले ते आता रचनाकार जाणूनबुजून साधतात. याची किंमत आकारात मोजावी लागते. फोक्टलेंडर या नावाने मिळणारे १५ मिलिमीटरचे चिमुकले भिंग १९९९ मध्ये खिशात मावत असे; २०१५ मध्ये डिजिटल संवेदकासाठी त्याची तिसरी आवृत्ती निघाली ती वजनाने दुपटीहून अधिक भरली.

खिशातील दूरध्वनीत मात्र असे वजन वाढविण्यास वाव नाही. तेथे भिंग आणि संवेदक यांच्यामध्ये थोडेच मिलिमीटर असतात आणि कडेचे किरण तीस अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही तिरपे येतात. तरीही चित्रे चांगली येतात, कारण तेथे भिंग बदलावयाचे नसते. एकच भिंग, एकच संवेदक, जन्मभराचा संसार. म्हणून सूक्ष्मभिंगांचे सरकणे त्या एकाच भिंगाच्या किरणांशी बिंदूबिंदूला जुळविता येते, आणि संवेदकाचा निर्माता आपल्या पत्रकात तो कोन लिहूनच देतो. लायकाला जी तडजोड करावी लागली ती येथे करावी लागत नाही.

आपल्या डोळ्याचीही गोष्ट निराळी नाही. इंग्लंडमधील स्टाइल्स आणि क्रॉफर्ड या संशोधकांना १९३३ मध्ये असे आढळले की बाहुलीच्या मधून शिरलेला किरण जितका तेजस्वी भासतो, तितका बाहुलीच्या कडेने शिरलेला तोच किरण भासत नाही. दृष्टिपटलातील शंकूच्या आकाराच्या पेशी म्हणजे एक प्रकारच्या सूक्ष्म नळ्याच आहेत. तिरपा प्रकाश त्यांनाही फारसा मानवत नाही. निसर्गाने त्यावर दोन उपाय योजले. एक म्हणजे या नळ्यांची तोंडे बाहुलीकडे वळविली, आणि दुसरा म्हणजे दृष्टिपटल सपाट न ठेवता वाटीसारखे वक्र केले. वक्र संवेदक घडविण्याचे प्रयोग माणसानेही केले आहेत. सोनीने २०१४ मध्ये असा एक संवेदक तयार करून दाखविला. परंतु भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात एकच वक्रता सर्व भिंगांना मानवणार नाही, हे येथवर ऐकल्यावर वेगळे सांगावे लागू नये.

जुन्या भिंगांच्या धन्यांनी सरसकट काळजी करण्याचे कारण नाही. ५० मिलिमीटर आणि त्याहून अधिक केंद्रांतराची बहुतेक जुनी भिंगे आजच्या संवेदकांवर उत्तम चालतात; त्यांची निर्गमद्वारे पुरेशी दूर असतात. आरशाच्या कॅमेऱ्यांसाठी केलेली विशालकोनी भिंगेही चालतात. अडचण आहे ती २८ मिलिमीटर व त्याखालच्या सममित भिंगांची, म्हणजे नेमकी त्यांची की ज्यांना रचनाशास्त्राचे उत्कर्षबिंदू मानले गेले. त्यांच्यासाठीही एक आसरा निघाला. २०१२ मध्ये लायकाने एम मोनोक्रोम हा केवळ कृष्णधवल चित्रे घेणारा कॅमेरा काढला. त्याच्या संवेदकावर रंगगाळक नाहीतच. एका विहिरीचा प्रकाश शेजारच्या विहिरीत सांडला तरी चुकीचा रंग उमटण्याचा प्रश्न येत नाही. कोपरे थोडे काळवंडतात, ते फिल्मवरही काळवंडत होतेच.